डायलिसिसच्या हॉलमधला आंबा

तात्यांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या, मशीन नुकतंच सुरू झालं होतं, आणि त्यांनी उजव्या हाताने मांडीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. मी त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या मशीनचा अलार्म बंद करत होते. वळून बघायची गरज पडली नाही. हॉलमध्ये हापूसचा वास भरला.

"तात्या, डबा बंद करा."

"का म्हणून?"

"हॉलमध्ये मास्क काढायचा नाही, काही खायचं नाही. समोर बोर्ड आहे."

"तो बोर्ड कोरोनाचा. पाडव्याला सरकारने सगळं उठवलंन. टीव्ही बघत नाहीस काय गो?"

"टीव्हीवर सांगितलं ते रस्त्यावरचं. हा रस्ता नाही."

"तुझा बापूस माझ्या बागेत आंबे उतरवायला यायचा. आणि तू मला आंबा खाऊ नको म्हणतेस?"

"यायचा. त्याच्याच पोरीने तुमच्या हातात सुई घातली आहे. हात हलवू नका, सूज येईल."

पलीकडच्या बेडवर मुकादम चाचा होते. आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. ते मास्कच्या आत हसले. तात्यांच्या दुसऱ्या बाजूच्या बेडवर सुप्रिया होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिने एकावर एक दोन मास्क लावले होते.

तात्यांनी माझ्याकडे बघत एक फोड खाल्ली. मी डबा उचलला आणि ऑफिसात नेऊन ठेवला. भांडण तिथे मिटलं नाही. तिथे सुरू झालं.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. नर्स नाही. लोक सिस्टर म्हणतात, मी दर वेळी दुरुस्त करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. रत्नागिरीत बी.एस्सी. केलं, मुंबईला जाऊन डायलिसिसचा कोर्स केला आणि परत आले. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात या युनिटची मी इन्चार्ज आहे. हे सगळं सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्या भावाला वाटतो.

ज्यांनी डायलिसिस बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडन्या बंद पडल्या की रक्तातली घाण आणि जादा पाणी बाहेर टाकणारं शरीरात कोणी उरत नाही. ते काम मशीन करतं. हातातली एक शीर छोटं ऑपरेशन करून मोठी केलेली असते. तिला फिस्टुला म्हणतात. त्यात दोन सुया घालायच्या. एका सुईतून रक्त बाहेर येतं, एका लांबट गाळणीतून जातं आणि दुसऱ्या सुईतून अंगात परत जातं. एका वेळी चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा यावं लागतं. नवी किडनी मिळेपर्यंत, आणि नाही मिळाली तर कायमचं.

या माणसांना दोन मोठ्या बंद्या असतात. एक पाण्याची, कारण लघवी होत नाही, प्यायलेलं सगळं अंगातच राहतं. दुसरी पोटॅशियमची. पोटॅशियम हा क्षार आपल्याला लागतो, पण जास्त झाला तर हृदय थांबतं. आणि तो असतो कशात? नारळपाण्यात, केळ्यात, फणसात, आंब्यात. म्हणजे कोकणात माणसाच्या दारात जे जे पिकतं त्या सगळ्यात.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. पुस्तकात ती सापडणार नाही. आंब्याच्या दिवसांत पेशंट एक-दोन फोडी डब्यातून आणायचे आणि मशीन सुरू झालं की पहिल्या तासात खायचे. पुढचे तीन तास मशीन रक्त धूत असतं, त्यामुळे घरी खाण्यापेक्षा इथे खाल्लेलं बरं, असा हिशोब. आमचे किडनीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून येतात. त्यांनी कधी परवानगी दिली नाही आणि कधी अडवलंही नाही. ज्यांचे रिपोर्ट वाईट असतील त्यांना मी अडवायची. बाकीच्यांकडे काणाडोळा करायची. वर्षभर मोजून पाणी पिणारी माणसं त्या एका तासात माणसांसारखी बोलायची. कोणाचा आंबा गोड, कोणाचा पावडर मारून पिकवलेला, यावर हॉलमध्ये भांडणं व्हायची.

कोरोनात ते बंद झालं. तात्यांचे दोन सीझन गेले. आणि आमच्या हॉलमधून त्या काळात बरीच माणसंही गेली. सगळी कोरोनाने नाही. किडनीच्या आजारात माणसं तशीही जातात. तात्यांचे वामनदादा त्यातलेच. शाळेपासूनचे मित्र, बेडला बेड लावून डायलिसिस घ्यायचे. "पुढच्या वर्षी खाऊ रे," असं त्यांनी तात्यांना सांगितलं होतं. पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. त्यामुळे तात्यांचा हट्ट हा नुसता श्रीमंत बागायतदाराचा हट्ट होता, असं मी म्हणणार नाही. भाट्याच्या खाडीपलीकडे त्यांच्या मोठ्या बागा आहेत, बोलण्यात तोरा आहे, हे खरं. पण त्यांच्या बाजूलाही कारण होतं.

दुसऱ्या बाजूला सुप्रिया होती. पंचविशीतली मुलगी. हातखंब्याच्या पुढे आत गाव. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तिथेच एकदा चक्कर येऊन पडली, आणि तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या आटलेल्या. आईची किडनी जुळली. सगळे कागद झाले, किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर मायलेकी जाऊन आल्या आणि मुंबईच्या हॉस्पिटलने मे महिन्यातली ऑपरेशनची तारीख दिली. अट एकच. ऑपरेशनच्या आधीच्या टेस्टमध्ये कोरोना निघाला तर तारीख रद्द. पुन्हा कधी मिळेल ते त्यांच्या रांगेवर.

तर प्रश्न असा होता. सुप्रियाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्याच हॉलमध्ये झोपायचं. एसीमुळे खिडक्या बंद. आणि शेजारी सगळे मास्क काढून आंबा खाणार.

"तिला दुसऱ्या खोलीत टाक," मॅनेजर केळकर साहेबांनी सांगितलं.

"दुसरी खोली काविळीच्या पेशंटची आहे, साहेब. बी आणि सीवाल्यांची. तिथलं मशीन तिला लावलं तर कोरोना राहील बाजूला, कावीळ घेऊन जाईल."

"मग शिफ्ट बदल."

"पहाटेच्या शिफ्टला तिच्या गावातून गाडी नाही. संध्याकाळची फुल आहे."

"मग आंबा खाऊ दे त्यांना. तात्यांनी दोन ट्रस्टींना फोन केलाय. मास्कची सक्ती कायद्यात उरलेली नाही. मी कशाच्या जोरावर सक्ती करू?"

"माझ्या जोरावर करा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वर्षा, तू हुशार आहेस. पण मला ट्रस्ट चालवायचाय."

दुसऱ्या दिवशी बोर्डवर नवा कागद चिकटवलेला होता : मास्क ऐच्छिक. खाली साहेबांची सही. मी त्याच्या शेजारी दुसरा कागद लावला : डायलिसिस हॉलमध्ये मास्क आवश्यक. खाली माझी सही. पुढचे काही दिवस दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. पेशंट ज्याला जो पटेल तो वाचत होते.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं. आमच्या पेशंटांचा आणि नातेवाइकांचा ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात, औषधाचे भाव आणि कुठल्यातरी पाल्याच्या काढ्याने किडनी बरी झाल्याच्या गोष्टी येतात. आता त्यावर भाषणं आली. एकाने लिहिलं, दोन वर्षं घाबरवून ठेवलं, पुरे. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या वडिलांना तुम्ही मारणार काय? तात्यांचा मुलगा ठाण्याला असतो. त्याने लिहिलं, "ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं. बाकीच्यांनी का भोगायचं?"

त्यावर सुप्रियाने उत्तर टाकलं. ग्रुपवर ती कधी लिहायची नाही.

"दादा, मी घरी बसले तर आठवड्यात छातीत पाणी भरून मरेन. तुमचे वडीलसुद्धा. बसू का?"

खूप वेळाने कोणीतरी गुलाबाचं फूल आणि शुभ दुपार पाठवलं.

मला त्या एका उत्तरात सगळा वाद दिसला. बाहेर सगळीकडे हेच म्हणत होते, की जे नाजूक आहेत त्यांनी आपल्यापुरतं जपावं आणि इतरांना मोकळं करावं. आमच्या हॉलमध्ये इतर कोणी नव्हतेच. सगळेच नाजूक. आणि घरी बसायची सोय एकालाही नव्हती.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मास्क ठेवा, हे माझं मत. पण भांडण वाढवू नका. पेशंटांना एकत्र बसवा आणि काहीतरी ठरवा."

डॉक्टरांना कोल्हापुरातून हे सांगणं सोपं होतं.

बसवलं. शिफ्ट संपल्यावर हॉलबाहेरच्या व्हरांड्यात सगळे बसले. केळकर साहेब खुर्चीवर, पेशंट बाकांवर, नातेवाईक कठड्याला टेकून. हाताला पट्ट्या बांधलेल्या, दमलेली माणसं. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. तरी एकही जण घरी गेला नाही.

"मी विचारतो ते सांग," तात्यांनी सुरुवात केली. "हे कधीपर्यंत? एक तारीख सांग. दिवाळी सांग, पुढचा शिमगा सांग. मी थांबतो. पण तुमचं कधी संपतच नाय."

"सुप्रियाच्या ऑपरेशनपर्यंत," मी म्हटलं.

"तोपर्यंत आंबा संपला. आणि मग दुसऱ्या कोणाचं काहीतरी निघेल. वामन असाच थांबला."

"वामनदादा थांबले म्हणून मेले नाहीत, तात्या."

"नाय. पण थांबून मेले."



मुकादम चाचा म्हणाले, "मॅडम, मी आंब्याच्या बाजूचा आहे. पोरीच्या विरुद्ध नाय. पण तुम्ही आम्हाला जपून जपून ठेवलात ते कशासाठी, ते तरी सांगा. लोणच्याच्या बरणीत ठेवलात, बरणी उघडायची कधी?"

"चाचा, तुम्हाला लोणचंपण बंद आहे," कोणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले. चाचासुद्धा.

सुप्रियाची आई एका कोपऱ्यात उभी होती. अंगाने काटक, शेतात राबणारी बाई. तिने पदर सावरत विचारलं, "मॅडम, आमी चिपळूणला जाऊ काय? तिथं मिळंल जागा? आमच्यापायी एवढ्या लोकांचं तोंड बांधून ठेवायचं, बरं नाय दिसत."

"चिपळूणला कशाला जाशील?" तात्या लगेच म्हणाले. "पोरीला एवढा प्रवास झेपणार हाय? गप बस."

मला वाटतं त्या क्षणी सभा वळली. कारण पुढचा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला. "पहिल्या तासातच खायला पाहिजे? मशीनवर बसायच्या आधी खाल्ला तर?"

मी विचार केला. खाल्लेलं रक्तात उतरायला वेळ लागतो. बाहेर खाऊन माणूस लगेच मशीनवर गेला तर फारसा फरक पडणार नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एक फोड. आणि खाल्ल्यावर लगेच आत. उशीर झाला तर जबाबदारी तुमची."

ठरलं. आंबा व्हरांड्यात, उघड्या हवेत. हॉलमध्ये मास्क, खाणं बंद. केळकर साहेबांनी स्वतः उठून दोन्ही कागद काढले आणि एकच लावला. खाली आम्हा दोघांच्या सह्या. तात्या म्हणाले, "एवढी साधी गोष्ट. उगाच पंधरा दिवस रक्त आटवलंत." चाचा म्हणाले, "आपलं रक्त आटत नाय तात्या, मशीनमध्ये फिरतं."

घरी जाताना मी खूश होते. नवऱ्याला सांगितलं, की सरकारला जमलं नाही ते आम्ही व्हरांड्यात केलं.

पहिला आठवडा उत्तम गेला. पेशंट लवकर यायला लागले. सकाळी व्हरांड्यात डबे उघडायचे. तात्यांचा आवाज आतपर्यंत यायचा. बरोबर आलेले नातेवाईकही बसायचे, कारण त्यांना कसलंच पथ्य नव्हतं. सुप्रिया मात्र या सगळ्याच्या आधी मागच्या दाराने सरळ हॉलमध्ये यायची. तिचं मशीन मी सगळ्यांत आधी लावायची. तिचा बेड आता खिडकीकडे टोकाला होता. खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि एसी कमी करायचा, हे मी माझ्या अधिकारात ठरवलं होतं. मला वाटत होतं, आपण सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केला.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी सुप्रियाच्या सुया नीट बसल्या का बघत होते. हॉलच्या दाराला काचेची पट्टी आहे. तिच्या बेडवरून त्या पट्टीतून व्हरांड्यातला बाक दिसतो. ती एकदम उठून बसायला गेली.

"झोप! सुई निघेल."

"मॅडम, आई बघा."

मी बघितलं. बाकावर तिची आई बसली होती. एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला त्यांची सून, समोर उभे चाचा आणि त्यांचा जावई. कोणाच्या तोंडावर मास्क नाही. तात्या काहीतरी सांगत होते, सगळे हसत होते. आईच्या हातात आंब्याची फोड होती.

"किडनी तिची आहे," सुप्रिया म्हणाली. आवाज चढवला नाही. फक्त सांगितलं.

मी बाहेर धावले. आईला उठवलं, बाजूला नेलं.

"मावशी, मास्क कुठाय तुमचा?"

तिने कनवटीला हात लावला. मास्क घडी घालून तिथे खोचलेला होता. "आंबा दिलान त्यांनी. रोज देतात. नाय कसं म्हणायचं? एवढ्या मोठ्या मानसाने हातावर ठेवलान."

"रोज?"

"मी नको म्हनलं एकदा. मग ते पण खायचे थांबले."

आता ज्याला कोकण माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. माणसासमोर बसून एकट्याने खायचं नाही. समोरच्याला विचारायचं, आणि विचारलं की समोरच्याने एक तरी तुकडा घ्यायचा. आत हॉलमध्ये हा प्रश्न यायचा नाही, कारण आत प्रत्येकाला पथ्य. कोणी कोणाला देत नसे, आणि त्याचा कोणाला राग नसे. आंबा आम्ही व्हरांड्यात आणला, आणि व्हरांड्यात चार-चार तास सुप्रियाची आई बसलेली असायची, आणि तिला पथ्य नव्हतं. तात्यांनी तिला दिला नसता तर ते तात्या नव्हेत. तिने घेतला नसता तर उद्या त्याच बाकावर बसायची तिला चोरी झाली असती.

आमच्या सभेत ती आमच्यासमोर उभी होती. बोलली होती. तरी साहेबांना, डॉक्टरांना, मला, कोणालाच ती दिसली नाही. कारण ती पेशंट नव्हती. टेक्निशियनला मशीनवरचा माणूस दिसतो.

तात्या बाकावरून उठले होते. "काय झालं?"

"हिचीच किडनी जाणार आहे सुप्रियाला. हिला कोरोना झाला तरी तारीख जाते."

तात्यांच्या हातात डबा तसाच होता. "मग हे आधी सांगायचं नाय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आई देणार ते माहीत होतं. तारीख जाते ते नव्हतं."

त्या दिवसापासून आईला मी स्टोअररूममध्ये खुर्ची दिली. गाळण्यांच्या खोक्यांच्या मध्ये, पंखा लावून. पण उशीर झाला होता. त्याच आठवड्याच्या शेवटी सुप्रियाचा फोन आला. आईला कणकण आहे, घसा दुखतोय. टेस्ट केली. पॉझिटिव्ह.

सुप्रिया निगेटिव्ह होती. एका घरात राहून कशी वाचली कोण जाणे. चुलत्याच्या घरी तिची सोय झाली. आईला दोन दिवस ताप आला आणि गेला. खोकलासुद्धा धड झाला नाही. साधी सर्दी म्हणावी असा आजार. पण मुंबईला कळवणं भाग होतं. मीच फोन केला. तिथल्या कोऑर्डिनेटर बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तारीख सोडावी लागेल, मॅडम. पुढची आत्ता सांगता येत नाही."

हे सुप्रियाला मी समोर बसवून सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे पावसाळा इथेच?"

"बहुतेक."

"बरं," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मी सुया लावल्या.

लोकांना वाटतं, तारीख गेली म्हणजे थोडे दिवस थांबायचं. तसं नसतं. डायलिसिसवरचा प्रत्येक महिना अंगातून काहीतरी घेऊन जातो. फिस्टुला बंद पडू शकतो. इन्फेक्शन होऊ शकतं. हृदयावर ताण येतो. थांबणं हेसुद्धा एक दुखणं आहे, आणि ते तिच्या वाट्याला आलं.

हॉलमध्ये अर्थात नवा वाद सुरू झाला. आईला लागण झाली कुठून? तात्यांकडचे सगळे टेस्ट करून आले, सगळे निगेटिव्ह. चाचांच्या जावयाला त्याआधी सर्दी होऊन गेली होती, त्याने टेस्टच केली नव्हती. मायलेकी एसटीने यायच्या, आणि त्या दिवसांत एसटीत उभं राहायला जागा नसायची. गावात एक लग्नही झालं होतं. कुठून आला ते कोणी सांगू शकत नाही. मी आजही सांगू शकत नाही, आणि सांगता येतं असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तात्यांचं मात्र ठरलं होतं. "एसटीतूनच. दुसरीकडून शक्यच नाय. उघड्यावर कुठं लागतं काय?"

असं ते मशीनवर झोपून तीन दिवस सगळ्यांना ऐकवत होते. शेवटी चाचा म्हणाले, "तात्या, तुमची खात्री आहे ना एसटीतून लागला म्हणून?"

"शंभर टक्के."

"मग त्या पोरीला परत त्याच एसटीत कशाला चढू देताय? तुमच्याकडे दोन गाड्या दारात उभ्या आहेत."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तात्यांनी छताकडे बघितलं.

पुढच्या फेरीला सुप्रिया तात्यांच्या गाडीतून आली. नंतर आई बरी होऊन यायला लागली तेव्हा दोघी त्याच गाडीतून यायच्या. सगळा पावसाळा गाडी हातखंब्याच्या पुढे आत गावात जायची आणि त्यांना दारात सोडून परत यायची. ड्रायव्हरला तात्यांनी मास्क लावायला लावला होता. एकदा त्याने तो हनुवटीवर ओढलेला होता, तर पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत त्याला आईवरून शिव्या दिल्या. सरकारने उठवलंय, असं ड्रायव्हर म्हणाला. "सरकारला सांग माझी गाडी चालवायला," तात्या म्हणाले.

माफी वगैरे त्यांनी कधी मागितली नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. लागण एसटीतूनच झाली, हे त्यांचं मत काही बदललं नाही.

व्हरांड्याची पद्धत आम्ही बंद केली नाही. बाक तिथून उचलून पेशंटांच्या खुर्च्या दूर दूर मांडल्या, एवढाच बदल. त्यावरून एक-दोघे पुन्हा भांडले. ज्या गोष्टीत दोन्ही बाजूंना माणसाचा जीव गुंतलेला असतो, तिथे नियम एकदा करून भागत नाही. माणसं बदलतात तसा तो परत परत करावा लागतो.

सुप्रियाला गणपतीनंतरची तारीख मिळाली. मधल्या काळात तिचा फिस्टुला एकदा अडला, आम्ही तो धावपळ करून वाचवला. ऑपरेशन झालं. आईची किडनी टेबलावरच काम करायला लागली, असं मुंबईहून कळलं. आमच्या भाषेत याचा अर्थ असा, की जोडल्या जोडल्या लघवी सुरू झाली. हॉलमध्ये मी ते मोठ्याने सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "बघा, लोक मुलीच्या लग्नाला पेढे वाटतात, आम्ही हिच्या लघवीला वाटणार." आणि वाटले. अर्थात स्टाफला आणि नातेवाइकांना. पेशंटांना पेढा बंद.

सुप्रिया आता पुन्हा क्लास घेते. आई शेतात जाते. तिला वजन उचलू नको म्हणून सांगितलंय, ती ऐकत नाही.

माझ्या कामात या सगळ्याने एकच फरक पडला. ट्रान्सप्लांटची तारीख ठरलेला पेशंट आला की पूर्वी मी त्याचे रिपोर्ट मागायची. अजूनही मागते, पण ते नंतर. आधी विचारते, किडनी देणारं माणूस कोण? नाव कळलं की त्या माणसाला समोर बोलावते, नीट बघून घेते, आणि दुसरा प्रश्न त्यालाच विचारते : हा चार तास मशीनवर असेल, तेव्हा तुम्ही कुठे बसणार आहात?